बोरखेडच्या मरळीची साक्ष

जो बोलू शकत नाही त्याची साक्ष घेता येत नाही, हे न्यायाचं तत्त्व आहे. आणि मासा बोलत नाही, हे निसर्गाचं. दोन्ही तत्त्वं आपापल्या जागी थोर आहेत. ती समोरासमोर आली की मासा मरतो आणि तत्त्व टिकतं. तत्त्व टिकणं जास्त महत्त्वाचं, कारण मासे पुन्हा पैदा होतात, तत्त्वं होत नाहीत. (मासे पुन्हा पैदा होतात हे मी १९८८ सालच्या माहितीवरून लिहीत आहे.)

माझं नाव लक्ष्मणराव. आदिलाबादेत मी ज्या कार्यालयात हेडक्लार्क होतो त्याचं नाव 'अनादर्श मत्स्य जनुक-अभिव्यक्ती साधन विकास उपकेंद्र'. हे नाव पाटीवर तीन भाषांत लिहायचा हुकूम होता. पाटी आमच्या भिंतीपेक्षा दीड हात लांब झाली, तेव्हा उरलेला भाग शेजारच्या सायकल दुकानावर सरकवावा लागला, आणि तो दुकानदार दहा वर्षं 'विकास उपकेंद्र' या अक्षरांखाली पंक्चर काढत बसला. लोक आमच्याकडं ट्यूब घेऊन येत आणि त्याच्याकडं मासे. दोघांत त्याच्याकडं काम लवकर व्हायचं, हे कबूल केलं पाहिजे.

मंजूर पदं अकरा होती. त्यात आठ कारकुनी, एक चपराशी, एक ड्रायव्हर (गाडी मंजूर नव्हती, पण ड्रायव्हर कधीही उशिरा आला नाही) आणि एक शास्त्रज्ञ. एवढ्या मनुष्यबळावर एका माशाला बोलतं करायचं होतं.

प्रकरण असं. तामसीच्या रस्त्यावर बोरखेड नावाचं गाव आहे. गावाला एक तळं, तळ्याला वरून येणारा एक नाला, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला सरकीच्या तेलाची गिरणी. तळ्यावर भोयांची सात घरं जगायची. त्यातलं एक बयनाबाईचं. १९८८ च्या चैत्रात तळ्यातल्या मरळी पोट वर करून तरंगायला लागल्या. बयनाबाईनं टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि बसनं आदिलाबादेला आली. (कंडक्टरनं टोपलीचं अर्धं तिकीट फाडलं. मेलेल्या माशांची सरकार दरबारी झालेली पहिली नोंद ती.) तेव्हा आमचं उपकेंद्र नव्हतं, मी दुसऱ्या खात्यात आवक-जावक बघत होतो. तिनं टोपली नेमकी माझ्या आवक रजिस्टरावर ठेवली. मी म्हटलं, बाई, ही आवक आहे हे खरं, पण ती अशी नसते.

ती म्हणाली, "मरळ चिखलात जगते, साहेब. पानी आटलं तं वरची हवा पिते. घमेल्यात टाकून ठेवली तं संद्याकाळपावतर जित्ती राह्यते. थे मेली. गिरनीचा नाला बंद करा."

एवढंच. रडली नाही, पदर डोळ्याला लावला नाही. मला वाटतं तिथंच तिची चूक झाली. रडली असती तर अर्ज 'मदत' या सदरात गेला असता आणि चार लुगडी तरी मिळाली असती. तिनं कारण सांगितलं, म्हणून तो 'चौकशी' या सदरात गेला.

चौकशीत गिरणीच्या शेठनी लेखी कैफियत दिली. माशांच्या मृत्यूची संभाव्य कारणं त्यांनी अशी मांडली: उष्मा, वार्धक्य, दृष्ट, आणि भोयांची हलगर्जी. शेवटच्या मुद्द्याचा खुलासा असा होता की मासे वेळच्या वेळी पकडले असते तर ते असे बेवारस मेले नसते. मुद्दा बिनतोड होता. वरच्या साहेबांनी दोन्ही बाजू ऐकून शेरा मारला: 'नाला बंद करण्यास हरकत नाही. तथापि, त्रास गिरणीच्या पाण्यानेच झाला हे खुद्द मरळीच्या शरीरातून शास्त्रीय रीतीने सिद्ध व्हावे.' या अडीच ओळींच्या पोटी आमचं उपकेंद्र जन्माला आलं. एका टोपलीतून इतकं मोठं कार्यालय निघालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

आता जनुक म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आमचे शास्त्रज्ञ यशवंतराव साहेब यांनी रुजू झाल्या दिवशीच सगळ्यांना ओळीनं बसवून ते शिकवलं. माणूस घ्या, मासा घ्या, प्रत्येकाच्या अंगात हजारो जनुकं असतात. सगळी हजेरीपटावर असतात, पण एका वेळी काम थोडीच करतात. (इथपर्यंत आमच्या कर्मचाऱ्यांना एका झटक्यात समजलं.) जे जनुक काम करतं, ते आपल्या कामाची चिठ्ठी पेशीत सोडतं. चिठ्ठ्या वाचल्या की शरीर आतून काय सोसतंय ते कळतं. विषारी पाणी पोटात गेलं की माशाच्या यकृतातलं विष उतरवणारं जनुक जागं होतं आणि चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या टाकत सुटतं. त्या मोजल्या की झाली मरळीची साक्ष, तिच्याच हस्ताक्षरात.

अडचण एकच होती. चिठ्ठी वाचायची साधनं दर माशाला वेगळी लागतात, आणि जगात ती फक्त आदर्श माशांसाठी तयार होती. आदर्श मासा म्हणजे शास्त्रज्ञांनी सर्वानुमते निवडलेला मासा. तो बोटाएवढा असतो, अंगावर पट्टे असतात, काचेच्या पेटीत राहतो, नेमानं अंडी घालतो आणि कोणाच्या ताटात येत नाही. मरळ काळी, चिखलात लोळणारी, हाताला चावणारी आणि रश्श्यात फक्कड. म्हणून ती अनादर्श. (अनादर्श माशांची यादी सरकारकडं नाही. आदर्श माशांच्या यादीखाली 'बाकीचे' असा एक शब्द आहे.)

आदर्श माशासाठी बनवलेलं साधन साहेबांनी मरळीवर लावून पाहिलं. मरळ गप्प. पुन्हा लावलं, गप्प. तसं मुख्यालयाला कळवलं. उत्तर आलं की बोरखेडच्या ग्रामस्थांना मरळीऐवजी आदर्श मासा पाळण्यास प्रवृत्त करता येईल काय, याचा अभिप्राय पाठवावा. मी स्वतः जाऊन अभिप्राय घेतला. बयनाबाईनं माझ्या बोटाचं शेवटचं पेर धरून पाहिलं आणि विचारलं की एवढ्याशाला मीठ लावलं तर ताटात मीठ कोणतं आणि मासा कोणता हे कसं ओळखायचं. मी 'ग्रामस्थ अनुकूल नाहीत' असं कळवलं.

मग मरळीसाठी वेगळं साधन घडवायचं ठरलं. अशा कथांत शास्त्रज्ञाला वेडा दाखवायची पद्धत आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो की यशवंतराव साहेब वेडे नव्हते. बायको-लेकरं नागपुरात ठेवून हा माणूस आदिलाबादच्या उन्हात दोन खोल्यांत राहिला. वीज गेली की ओल्या टॉवेलनं यंत्र पुसत बसायचा. दर पहिल्या तारखेला बयनाबाई यायची, दारात उभी राहून विचारायची, नाला कवा बंद होते? आणि साहेब दर वेळी खरंच लाजायचे. ही विचारणा मी रजिस्टरात 'तोंडी चौकशी' या सदरात चढवत गेलो. एकूण तोंडी चौकशा एकशे चौदा. उत्तरं शंभर टक्के दिली गेली. सर्व उत्तरं एकच होती.

नमुना घेण्याची रीत सांगण्यासारखी आहे. यकृत काढल्यावर दहा मिनिटांच्या आत गोठवलं नाही तर चिठ्ठ्या नासतात. असलं थंड द्रव्य सगळ्या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी मिळायचं: जनावरांच्या दवाखान्यात, जिथं जातिवंत वळूंचं बीज नळ्यांत भरून ठेवतात. त्यांच्याकडून आम्ही एक टाकी उसनी आणायचो, निम्म्या नळ्या त्यांच्या, निम्म्या आमच्या. आमचा चपराशी धोंडीबा ती टाकी मांडीवर घेऊन बसमध्ये बसायचा. एकदा त्याच्या हातून नळ्यांची अदलाबदल झाली. गाईला काही झालं नाही. आमचा निष्कर्ष मात्र तीन महिने बैलाचा होता.

शिवाय हा पुरावा असल्यामुळं तळ्यातल्या प्रत्येक माशाचा पंचनामा व्हायचा. मसुदा मीच केला होता आणि तो मला अजून पाठ आहे: 'आम्ही खाली सही-अंगठा करणारे पंच लिहून देतो की, आज रोजी तळ्याच्या काठी एक नग मरळ आमच्यासमक्ष हजर करण्यात आली. तिला नाव विचारले असता तिने सांगितले नाही. सबब वर्णन पाहून ओळख पटविली.' खाली पाच पंच, सहावी माझी सही. मुख्यालयानं या मसुद्याची तारीफ केली आणि तो इतर जिल्ह्यांत बेडकांसाठी लागू केला.

दर नमुन्याला दोन मासे लागायचे. एक तळ्यातला, म्हणजे तक्रारदार. आणि एक पैनगंगेतला, म्हणजे तुलनेसाठी निरोगी. दोन्ही पुरवायचं काम बयनाबाईचा नवरा डोमाजी याच्याकडं दिलं होतं. डोमाजी गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा आणि पाहुण्यावर जीव टाकणारा माणूस. साहेब येणार म्हटलं की काठावर सडा पडायचा, घोंगडी अंथरली जायची, चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. डोमाजी दोन मरळी पाटीत ठेवून समोर आणायचा, एकीला डाव्या हाताला, एकीला उजव्या. साहेब म्हणायचे, वा! डोमाजी खाली मान घालून हसायचा.

१९९० ते १९९३ या चार वर्षांत साधन हळूहळू तयार झालं आणि निकाल येऊ लागले. थोडक्यात असे:

पहिलं वर्ष: तळ्यातली मरळ आणि नदीतली मरळ, फरक नाही.
दुसरं वर्ष: फरक नाही.
तिसरं वर्ष: तळ्यातली किंचित जास्त निरोगी.
चौथं वर्ष: तळ्यातली मरळ इतकी सुदृढ की नदीतलीची प्रकृती तपासावी, अशी सूचना.

याच चार वर्षांत तळ्यावरची सात घरं पाच झाली. दोन घरं भैंशाला जिनिंगच्या कामावर गेली. गिरणीच्या शेठनी पेढे वाटले. एक पुडा आमच्याकडंही आला. (तो मी 'बाह्य सहकार्य' म्हणून नोंदवला.) वरून पत्र आलं की बोरखेडच्या तळ्यातील माशांची प्रकृती जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा उत्तम असल्याचं पाहून समाधान वाटलं. आणि बयनाबाई महिन्याच्या पहिल्या तारखेला मेलेल्या मरळींची टोपली घेऊन येतच होती. साहेब एकदा निकालाकडं पाहायचे, एकदा टोपलीकडं. शास्त्र म्हणत होतं मासे ठणठणीत आहेत. नाक काही वेगळं म्हणत होतं. नाकाला साधन म्हणून मान्यता नव्हती.

खरं कारण मला कळलं ते बसस्टॉपवर. एका नमुन्याच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं तामसीला उतरलो. समोरून, पैनगंगेकडून येणारी गाडी थांबली आणि तीतून डोमाजी उतरला. खांद्यावर ओलं पोतं. पोतं हलत होतं. मी म्हटलं, नदीतली मरळ आणली का? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, पोत्यात दोन दिसतात. तो म्हणाला, हो, दोन्ही.

मी त्याला तिथंच हॉटेलात बसवलं आणि विचारलं, काऊन रे बापा? तळ्यातली तळ्यातून द्यायची ना!

डोमाजी बशीतला चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "साहेब, एवढा सरकारी मानूस दारात येते. त्याच्या हातात नासका मासा कसा देऊ? आमी गरीब आहो, पन आमाले काई रीत हाय का नाई?"

बघा आता. चार वर्षं. हैदराबादेहून आलेली यंत्रं, वळूंची टाकी, तेवीस पंचनामे, एकशे अडतीस सह्या-अंगठे. आणि सगळ्या शास्त्राला चार वर्षं हुलकावणी दिली ती गिरणीच्या शेठनं नव्हे, बोरखेडच्या पाहुणचारानं. पाच पंचांनाही ठाऊक होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाहुण्याला चांगलं ते द्यावं, वाईट आपण खावं, यात साक्ष कुठं आली? वाईट मासे ते खातही होते, हे मला तेव्हा कळलं.

बयनाबाईला मात्र ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कळलं. सगळ्या पंचांसमोर ती नवऱ्याला म्हणाली, "मी फिर्याद नेली मेल्या माशाची. अन् तू साक्ष दिली जित्याची."  डोमाजी महिनाभर घराच्या ओट्यावर जेवला.

आता प्रामाणिकपणे झालं ते वर कळवायचं, असं साहेबांच्या मनात होतं. मी त्यांना समजावलं. जुने निकाल चूक म्हटले तर पंचनामे खोटे ठरतात. पंचनामे खोटे ठरले तर पंचांवर आणि सहाव्या सहीवर (ती माझी) खटला येतो. खटला आला की सगळे कागद जप्त होतात, आणि कागद जप्त झाले की नाला बंद करण्याचा विषयच मिटतो. म्हणजे खरं सांगितलं तर खऱ्याचं नुकसान. हे तर्कशास्त्र मी बिनचूक मांडलं होतं, आणि साहेबांना ते पटलं; निदान त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग आम्ही 'चालू वर्षापासून नमुना-संकलनात गुणात्मक सुधारणा करण्यात येत आहे' असं वाक्य घालून सगळं पहिल्यापासून सुरू केलं. ते वाक्य माझं. त्याबद्दल मला बढतीत एक वाढीव गुण मिळाला.

आता तळ्यातली मरळ खरंच तळ्यातली येऊ लागली. साधन लावलं की पट्टीवर काळा डाग उमटायचा. जितक्या चिठ्ठ्या जास्त, तितका डाग गडद. साहेब आनंदले. पण मुख्यालयानं एक रास्त शंका काढली: गडद म्हणजे कशापेक्षा गडद?

ही शंका समजून घ्या, कारण पुढची चार वर्षं तीत गेली. एखादा माणूस ओरडतोय हे ठरवायला शेजारी कोणीतरी नेहमीच्या आवाजात बोलणारा लागतो. तसं शरीरातलं एखादं जनुक असं शोधावं लागतं, की काहीही होवो, ऊन असो, उपास असो, विष असो, त्याच्या चिठ्ठ्या रोज तेवढ्याच. ना एक कमी, ना एक जास्त. त्याला स्थिर जनुक म्हणतात. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही जनुकाचं बोलणं पुराव्यात घेत नाहीत. आदर्श माशांत अशी स्थिर जनुकं सापडलेली होती. मरळीत शोधायची होती.

साहेबांनी एकेक करून चौदा जनुकं तपासली. नदीच्या मरळीत ती शांत असायची. तळ्याच्या मरळीत प्रत्येक हललेलं. श्वासाचं हललेलं, स्नायूंचं हललेलं, पचनाचं हललेलं. अंडी धरण्याचं जनुक तर पार मुकं झालं होतं. सगळी मरळच ढवळून निघाली होती. साहेबांनी तसं लिहिलं, की सगळीच जनुकं हलली आहेत हाच पुरावा समजावा. मुख्यालयाचं उत्तर नमुनेदार होतं: 'सर्वच हलत असल्यास हलणे ही मरळीची सर्वसाधारण अवस्था मानावी लागेल. स्थिर जनुकाचा शोध चालू ठेवावा.'

शोध चालू ठेवला. १९९५ मध्ये तळ्यावरची घरं पाचाची तीन झाली. १९९६ मध्ये मरळींची मोजदाद केली तर जाळ्यात चाळीस आल्या, १९९७ मध्ये तीन. डोमाजी त्याच वर्षी गेला. पोटाचं काहीतरी होतं. साहेबांनी मला विचारलं की तळ्यावरच्या माणसांचीही तपासणी व्हायला हवी ना? मी नियम पाहिले. आमच्या उपकेंद्राच्या नावात 'मत्स्य' असल्यामुळं माणूस आमच्या कक्षेत येत नव्हता. माणसासाठी साधनं कधीचीच तयार होती, पण तो विषय दुसऱ्या खात्याचा.

१९९८ च्या चैत्रात बयनाबाई आली. ती पहिली तारीख नव्हती, म्हणून मी दचकलो. कडेवर घागर, घागरीवर ओलं फडकं. तिनं घागर आवक रजिस्टरावर ठेवली नाही, खाली जमिनीवर ठेवली आणि शेजारी बसली. आत एकच मरळ होती. हातभर लांब, डोक्यावर पांढरे चट्टे.

बयनाबाई म्हणाली, "पिल्लं राखनारी मरळ आमी धरत नाई, साहेब. आमच्यात धरतच नाईत. पन हे आठ दिस झाले, एकाच जागी गोल फिरून राह्यली. खाली उतरून पाह्यलं, तं पिल्लंच नाईत. रिकामंच राखून राह्यली." मग म्हणाली, "तळ्यात आता हेच एक हाय. इले विचारा, अन् नाला बंद करा."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टराकडं पाहिलं. मला फार वाईट वाटलं. (ही नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.) साहेब म्हणाले, बाई, ही राहू द्या, टाक्यात सोडू, जगेल कदाचित. ती म्हणाली, कोणासाठी जगवता? आणि स्वतः उठून घागर आत नेऊन ठेवली.

आठ दिवसांनी निकाल आला. डाग इतका काळा होता की साहेबांना वाटलं पट्टी जळली. त्यांनी तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. बयनाबाई दारात उभी होती. ओली पट्टी हातात घेऊन ते बाहेर आले. 

"बाई, तुमची मरळ बोलली."

"काय म्हनते?"

"तुम्ही दहा वर्षांपूर्वी जे म्हणाला होता, तेच."

बयनाबाईनं मान हलवली. पट्टी हातात घेऊन उजेडाकडं धरून पाहिली, परत दिली आणि विचारलं, "मंग आता बंद करता?" ही तोंडी चौकशी क्रमांक एकशे चौदा.

अहवाल गेला. दोन महिन्यांत उत्तर आलं, आणि आमच्या खात्याच्या इतिहासात इतकं लवकर उत्तर कधी आलं नव्हतं. त्यात दोन मुद्दे होते. पहिला: मरळ ओरडली हे मान्य, तथापि स्थिर जनुकाच्या अभावी ती कशाच्या तुलनेत ओरडली हे सांगता येत नसल्यानं निष्कर्ष राखून ठेवण्यात येत आहे. दुसरा: तळ्यात आता एकही मासा नसल्याचं अहवालातच नमूद आहे. सबब त्रास होणारा पक्षच उरला नसून नाला बंद करण्याचं प्रयोजन राहत नाही. बाकी साधन अत्यंत उत्तम बनल्याबद्दल अभिनंदन, आणि उपकेंद्राला पाच वर्षं मुदतवाढ.

साहेबांनी बदली मागून घेतली. बयनाबाई भैंशाला लेकीकडं गेली. तळ्यावर एकही घर उरलं नाही, त्यामुळं तक्रारींचं प्रमाण शून्यावर आलं. हा आकडा मी वार्षिक अहवालात ठळक टाइपात छापून घेतला. नाला वाहतोच आहे. सायकलचं दुकानही चालू आहे.

मी निवृत्त झालो, पण उपकेंद्रानं मला मानद म्हणून ठेवून घेतलं आहे, ते याच शोधासाठी. मरळीत स्थिर असं काही सापडलं नाही. तेव्हा आता शोधाची कक्षा वाढवून माशाबाहेर पाहावं, असं ठरलं. निकष साधे आहेत. पाण्यात काहीही आलं तरी हलता कामा नये. शेजारचा तडफडला तरी चिठ्ठ्या तेवढ्याच. आणि असा नमुना गावोगाव, सहज, भरपूर मिळाला पाहिजे. पहिला नमुना मी माझाच दिला. निकाल उत्तम आला. सगळ्या पंचनाम्यांवर सह्या करताना माझा हात एकदाही हलला नव्हता, हे रेकॉर्डवर आहे.

पण एका नमुन्यावर शास्त्र उभं राहत नाही. म्हणून आपणांस हे सगळं वाचायला दिलं. बैलाच्या निष्कर्षाला आपण हसलात, त्याची नोंद घेतली आहे. घागरीपाशी आपण अर्धी ओळ थांबलात आणि पुढं वाचू लागलात, तीही घेतली आहे. आपल्या गावाच्या वरच्या अंगाला काय आहे आणि नाल्याच्या पाण्याला अलीकडं कसला वास येतो, हे आपणांस बयनाबाईइतकंच ठाऊक आहे. आता आपण पान उलटाल आणि चहा ठेवायला सांगाल. त्याच पाण्याचा.

सोबत नळी पाठवत आहे. नमुना देताना हलू नये, अशी सूचना छापलेली असते. आपल्या बाबतीत ती खोडून टाकली आहे.